उदगीरकरबाईंचा जिना

काचीगुड्याच्या त्या घरात राहायला गेले आणि पहिल्याच रविवारी बाजारातून परत आल्यावर मला माझ्याच घरी जाता येईना. तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळा जिना पोरापोरींनी भरलेला. खाली एक-दोघं, मधल्या पायऱ्यांवर ही गर्दी, एकेका पायरीवर चार-चार जण भिंतीला चिकटून, आणि वर माझ्या दाराशी एकच मुलगी ऐटीत उभी. मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय. हातातली भाजीची पिशवी सावरत मी मधल्या एका पोराला बाजूला व्हायला सांगितलं, तर तो जागचा हलेना. कळवळून म्हणाला, "सॉरी आंटी, मैं हिल नै सकता. मेरे इतनेच मार्क्स हैं."

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या दारातून एक उंच, किडकिडीत बाई बाहेर आल्या. पिकलेल्या केसांच्या अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं. मी मराठी आहे हे त्यांना घरमालकाकडून कळलेलं असणार, कारण त्या सरळ मराठीतच म्हणाल्या, "हल्लू जा बरं का. यांना धक्का नक्को. आत्ताच कुठं नीट उभे राहिलेत." मग पोरांकडे वळून त्यांनी हैदराबादी हिंदीत शिकवायला सुरुवात केली आणि मी अंग चोरत, माफी मागत, एकेका मार्कातून वाट काढत घरी पोचले.

त्या प्रभावती उदगीरकर. आख्ख्या गल्लीच्या उदगीरकरबाई आणि पोरांच्या मॅडम. आजोबा उदगीरहून आले ते इथलेच झाले. वडील वकील, थोरले भाऊ वकील, आणि बाई जन्मभर मुलींच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी घरातच लॉच्या प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू केला होता. बी.ए., बी.कॉम. झालेली पोरं यायची. इतर क्लासांत उत्तर कसं शोधायचं ते शिकवत. बाई ते शिकवायच्याच, पण त्यांचा खरा जीव उत्तर देऊन झाल्यावर मार्कांचं पुढे काय होतं, त्यात. दर रविवारी सराव परीक्षा झाली की पोरांना आपापल्या मार्कांच्या पायरीवर उभं राहायला लागायचं. कमी मार्कवाले खाली, जास्तवाले वर. बहुतेक सगळे मध्येच अडकायचे. "कर्व्ह कर्व्ह म्हणतात तो हाच," बाई सांगायच्या. "पुस्तकात टेकडीसारखा काढतात. इथं घामाचा वास येतो, एवढाच फरक."

मी आणि नवरा, दोघंही पुण्याहून आलेले कॉम्प्युटरवाले. आमच्या ऑफिसातली मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींच्या आसपास राहायची. आम्ही काचीगुड्यात राहतो म्हटलं की त्यांना आमची दया यायची. मला मात्र त्या घराची लवकरच सवय झाली. संध्याकाळी मेट्रोतून उतरून गल्लीत शिरलं की दिवसभराचा वेग आपोआप कमी व्हायचा. त्यात बाईंच्या दाराशी थांबलं की तो पार थांबायचाच.

कारण बाई बोलता बोलता निघून जायच्या. देहाने तिथेच, हातात पेन, आणि नजर खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडावर. झाडापलीकडून काचीगुडा स्टेशनातल्या घोषणा अर्ध्यामुर्ध्या ऐकू यायच्या. गाडी कुठली ते कळायचं नाही, ती उशिरा धावते आहे एवढंच कळायचं. "सकाळच्या शिफ्टमधला पन्नासवाला आणि दुपारच्या शिफ्टमधला..." इतकं म्हणून बाई ज्या गेल्या त्या गेल्या. पोरांना सवय होती. ती शांतपणे वाट बघत बसायची, कुणी मोबाइल काढायचं, कुणी डुलकी घ्यायचं. बऱ्याच वेळाने बाई परत यायच्या आणि "...साठवाला एकाच जागी उभे असू शकतात," असं म्हणून वाक्य पुरं करायच्या. मध्ये काही झालं आहे याची त्यांना गंधवार्ता नसायची. त्यांच्या घरात तळ न करपलेलं एकही पातेलं नव्हतं. एकदा नामपल्लीच्या प्रदर्शनाला जायला निघालेल्या बाई भलत्याच बसमध्ये बसून शहराबाहेर कुठल्याशा तळ्यापाशी उतरल्या आणि संध्याकाळी परत आल्या. मी काळजीने विचारलं तर म्हणाल्या, "चांगलं होतं की तळं. बगळे होते." प्रदर्शनाचं नावही काढलं नाही.

एकदा एका मुलाचे वडील आले. कुठल्याशा सरकारी कचेरीत नोकरीला होते. परीक्षा सकाळ आणि दुपार अशा दोन शिफ्टमध्ये व्हायची, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, आणि अर्ज भरताना आपली पसंती कळवता यायची. "मॅडम, हल्का शिफ्ट कौनसा रहता?" असा त्यांचा प्रश्न. बाईंना असा प्रश्न म्हणजे सणच. त्यांनी अर्धी पोरं पुढच्या जिन्यावर उभी केली आणि अर्धी मागच्या लोखंडी जिन्यावर. मग मागच्यांना म्हणाल्या, तुमचा पेपर अवघड निघाला, सगळे दोन-दोन पायऱ्या खाली उतरा. पोरं खडखड करत उतरली. "आता सांगा," बाईंनी त्या गृहस्थांना विचारलं, "यांच्यातला जो सगळ्यांच्या पुढं होता तो मागं गेला का?" नव्हता गेला. सगळेच उतरले होते, रांग तशीच होती. म्हणून परीक्षावाले पायरी मोजत नाहीत, तुझ्या मागं शंभरातले किती उभे आहेत ते मोजतात, आणि मग दोन्ही जिन्यांची मिळून एक रांग करतात, असं बाईंनी त्यांना फार निगुतीने समजावून दिलं. त्याला म्हणतात नॉर्मलायझेशन. गृहस्थ मान डोलावत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "सब समझ गया मॅडम. लेकिन आप सुबह का ही बोल दो ना."

बाई यावर चिडतील असं मला वाटलं होतं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हा किस्सा सांगत होत्या.

मीही त्यांच्याशी वाद घालायचे. मी म्हटलं, "समजा, सगळे हुशार एकाच शिफ्टमध्ये आले तर? मग तिथल्या साध्या पोराचं वाटोळंच की." बाई बदामाकडे बघत राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "हजारोंची गर्दी असली की हुशार आणि मठ्ठ दोन्हीकडं सारखेच वाटले जातात, असं आम्ही धरून चालतो."

"धरून चालता?"

"चालावं लागतं की. नाहीतर घरातून निघायचंच नाही माणसानं."

सकाळी ऑफिसला जाताना बाई दारातल्या कुंड्यांना पाणी घालत असायच्या. तेव्हा त्या मला आदल्या रात्रीचं स्वप्न सांगायच्या. बाईंना स्वप्नं पडायची ती फक्त कोर्टाची. त्या वकील असायच्या आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत त्यांचे वडील. अशील रोज नवा. कधी एखादी शेळी, लग्नातले हार खाल्ल्याचा आरोप असलेली. कधी दारातलं बदामाचं झाड, तर एकदा आमच्या घरमालकांची बंद पडलेली स्कूटर. बाई फार सुंदर बाजू मांडत असायच्या आणि नेमकं निकालाच्या वेळी त्यांच्या हातातले कागद कोरे निघायचे. "तारीख मागितली," त्या खिन्नपणे सांगायच्या, "बाबांनी दिली नाही. हरले." आणि मग कुंडीतून पाणी वाहून जिन्यावरून खाली जायला लागलं तरी झारी तशीच धरून उभ्या.

लहानपणी त्या वडिलांच्या ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटामागे बसून अशिलांचं बोलणं ऐकत असत. दुपारी तिथेच झोपत. भाऊ मोठे झाले, लॉला गेले. बाईंचं गणित चांगलं, त्या संख्याशास्त्राला. मी विचारलं, "लॉला का नाही गेलात?"

"विचारलंच नाही कुणी," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. तरी मला दिवसभर ऑफिसात ते वाक्य छळत राहिलं.

या परीक्षेला वयाची अट नाही, ही गोष्ट इतकी वर्षं क्लास घेणाऱ्या बाईंच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. अफरोज नावाच्या मुलाने, मला पहिल्या दिवशी जिन्यात हलायला नकार देणारा तो हाच, एकदा विचारलं की त्याच्या मामाला बसता येईल का, मामा पन्नाशीचा आहे. येईल की, बाई म्हणाल्या, आणि तिथेच त्या जिन्यात गप्प झाल्या. पोरांना वाटलं, नेहमीसारख्या गेल्या. पण या वेळी त्या परत आल्या त्या अर्ज भरायच्या इराद्याने. सत्तरी जवळ आली होती त्यांची.

घरात भाऊ होते, अण्णा. वकिली सोडून घरी बसलेले, गुडघ्यांनी बेजार, दिवसभर आरामखुर्चीत पेपर वाचणारे. ते पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "वेडी झालीस का प्रभा? तू बसलीस तर एका पोराची सीट जाईल. त्याला चाळीस वर्षं वकिली करायची आहे. तुला काय करायचं?"

"मी मेरिटवर आले तर जाईल," बाई म्हणाल्या. "नाही आले तर नाही जायची. उगी कशाला फिकर करता?"

मला अण्णांचा राग आला होता. पण खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असंही म्हणवत नाही. बाईंनाही ते लागलं असणार, कारण त्यानंतर मेरिट हा शब्द त्यांच्या तोंडी वारंवार यायला लागला.

मग दर रविवारी बाई स्वतः जिन्यात उभ्या राहायला लागल्या. पहिल्या परीक्षेत त्या मधल्या गर्दीत आल्या. दोन बाजूंनी पोरं दाबताहेत, आणि बाईंचा चेहरा जत्रेत आल्यासारखा फुललेला. त्यांना उत्तरं यायची. अडचण वेळेची होती. तिसऱ्या प्रश्नावर नजर खिडकीबाहेर गेली की ती दहाव्या प्रश्नाच्या वेळेपर्यंत परत यायची नाही. यावर उपाय श्रावणीने काढला. श्रावणी म्हणजे गौलीगुड्यातल्या एका बॅगांच्या दुकानदाराची मुलगी. बोलायला लागली की थांबायची नाही आणि सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर असायची. माझ्या दाराशी ऐटीत उभी असलेली ती हीच. वडिलांना मुलगा नव्हता, दुकान हिने चालवावं ही त्यांची इच्छा. एकच वर्ष दिलं होतं त्यांनी तिला. इस साल नै हुआ तो दुकान, असा सरळ करार. तरी स्वतःचा पेपर सोडवता सोडवता ती बाईंच्या शेजारी बसून कोपराने ढोसत राहायची. "मॅडम, खिडकी." बाई दचकून कागदावर यायच्या. दोन मिनिटांनी पुन्हा, "मॅडम, खिडकी."

अशा कोपराच्या जोरावर बाई हळूहळू पायऱ्या चढत गेल्या.

खऱ्या परीक्षेला बाई, श्रावणी, अफरोज आणि आणखी दोघं अशा पाच जणांना सकाळचीच शिफ्ट आली. निकालाच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आले. शहरातल्या जुन्या सरकारी लॉ कॉलेजच्या यादीत बाईंचं नाव होतं. अगदी तळाशी, त्यांच्या खाली जेमतेम तीन नावं, पण होतं. बाई स्वतःच्या घरात पाहुण्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. अण्णांनी पेपर दुमडून ठेवला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "पेढे कोण आणणार? मी काय या गुडघ्यांवर जाऊ?" मला रडू आलं. मी पेढे आणायला पळाले.

परत आले तेव्हा ते चौघे आले होते. अफरोज आणि बाकी दोघांना सीट मिळाली होती. श्रावणीचं नाव यादीत नव्हतं. बरीच खाली गेली होती ती. सगळ्यात वर उभी राहणारी मुलगी. आम्हाला वाटलं, दिवस वाईट होता. तिचं तोंड मात्र हसरं, आणि बाईंना पेढा भरवायला सगळ्यात पुढे तीच.

तेवढ्यात अफरोजला राहवलं नाही. "मॅडम, इसमें हमारा भी थोड़ा हाथ है," तो म्हणाला.

"कैसा हाथ?"

मग त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. आपण पाचही जण एकाच शिफ्टमध्ये आलो म्हटल्यावर त्यांनी ठरवलं होतं. आपण थोडे मागे सरकलो की मॅडमच्या मागचे वाढतील. मॅडमनीच तर शिकवलं होतं. म्हणून प्रत्येकाने येत असलेले काही प्रश्न मुद्दाम कोरे सोडले होते. "आपके वास्ते, मॅडम."

बाईंनी हातातला पेढा खाली ठेवला. एकेकाला विचारलं, किती सोडलेस. कुणी एक म्हणालं, कुणी दोन, अफरोज तीन. श्रावणी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

"श्रावणी?"

"दस, मॅडम."

"आते थे?"

"आते थे."

बाईंचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. त्या दिवशी खालच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली. "यहीच सिखाई मैं तुमना? हज़ारों बच्चे बैठते एक शिफ्ट में! चार जने पीछे सरके तो कौनसा पहाड़ हिलता? तुम तीन जने तो फिर भी मेरे आगेच हैं! मेरेकू क्या मिला? कुछ नै मिला!" त्या श्रावणीकडे वळल्या. "और ये लड़की..."

"एक नंबर तो मिला ना, मॅडम," श्रावणी हळूच म्हणाली. "मैं आगे रहती तो आप एक नंबर पीछे रहते."

हिशेब बरोबर होता. एक नंबर मागे गेल्या असत्या तरी बाई यादीत राहिल्याच असत्या. खाली तीन नावं होती ना. श्रावणीनेही सगळे प्रश्न सोडवले असते तर दोघीही आत असत्या. त्या पोरीने आपलं वर्ष टाकलं होतं आणि ते बाईंच्या काहीच उपयोगी पडलं नव्हतं. हे खोलीतल्या सगळ्यांना एकदमच कळलं. अफरोज रडायला लागला. श्रावणी नाही रडली. ती म्हणाली, "मेरेकू लगा, आपकू दस लगेंगे," आणि चप्पल घालून निघून गेली.

त्यानंतर जिना रिकामा राहायला लागला. मी धडाधड चढून घरी पोचायचे आणि मला ते अजिबात आवडायचं नाही. सकाळी कुंड्या कोरड्या. स्वप्नं सांगणंही बंद. एकदा मी भाजी घेऊन खाली गेले तर बाई म्हणाल्या, "सीट सोडणार आहे मी."

मी म्हटलं, "ती श्रावणीला थोडीच मिळणार आहे? मध्ये कितीतरी जण आहेत."

"ते मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच माझ्यावर खेकसल्या त्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला एवढंच हवं होतं, की आपण बसावं आणि आपल्याला किती येतं ते कळावं. बाबांच्या नावावर नाही, कुणाच्या दयेवर नाही. आता ती सीट बघितली की मला त्या पोरीचं दुकान दिसतं."

अण्णा पेपरामागे होते. मला वाटलं, आता ते म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? एका पोराची सीट गेलीच की नाही? पण पेपर खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा मवाळ होता. "प्रभा," ते म्हणाले, "तू सीट सोडलीस तर त्या पोरीला काय वाटेल? आधी आपली घालवली, आता मॅडमचीही घालवली. जन्मभर हे घेऊन फिरेल ती. तुला राग तिच्यावर काढायचा आहे का?"

बाई खिडकीकडे वळल्या. मी आणि अण्णा वाट बघत राहिलो. घोषणा येत होत्या, बदामाची पानं हलत होती, आणि मला मनापासून वाटत होतं की या बाई आता परत येऊच नयेत, तिकडेच कुठेतरी बगळ्यांच्या तळ्यावर सुखात राहाव्यात. पण त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "गौलीगुड्याला येता का माझ्याबरोबर?"

दुकान बॅगांनी कोंबलेलं होतं, छतापासूनही बॅगा टांगलेल्या. श्रावणी गल्ल्यावर बसली होती. आम्हाला पाहून उठली आणि मागे जाऊन उभी राहिली. तिचे वडील जाडजूड, मितभाषी गृहस्थ. त्यांनी आमच्यासाठी स्टुलं मांडली. बाईंनी घसा खाकरून मोडक्यातोडक्या तेलुगूत सुरुवात केली, मग हिंदीवर आल्या. मुलगी नापास झालेली नाही, असं त्यांनी सांगितलं. तिला दहा प्रश्न येत होते आणि तिने ते सोडले, ही चूक तिची, आणि ती ज्या शिकवणीतून झाली ती शिकवणी माझी. तेव्हा शिक्षा एकट्या तिला होऊ नये. बाई उभ्या राहून बोलत होत्या, त्यांच्याही नकळत. गिऱ्हाइकं ऐकत होती. "मैं कुछ नै मांगती," शेवटी त्या म्हणाल्या, "बस एक साल की तारीख दे दो."

गृहस्थ बराच वेळ एका बॅगेची चेन पुढे-मागे करत राहिले. मग मुलीकडे न बघता विचारलं, "छोड़ी कैकू बोलके पूछो उसकू."

"मैं पूछी," बाई म्हणाल्या. "मेरे वास्ते छोड़ी."

"मेरे वास्ते तो कभी एक गिऱ्हाक नै छोड़ी," ते म्हणाले, आणि मग त्यांना हसू फुटलं. एक वर्ष मिळालं.

परतीच्या वाटेवर बसमधून उतरताना बाईंनी माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "कागद नव्हते हो माझ्या हातात. तरी झालं."

बाईंनी कॉलेजात नाव घातलं. पांढरी साडी, वर काळा कोट, खांद्याला पिशवी, अशा त्या सकाळी निघायच्या. वर्गात त्यांना झोप लागते अशी तक्रार अफरोज घेऊन यायचा. त्या म्हणायच्या, झोप नाही, मी ऐकत असते. रविवारी जिना पुन्हा भरायला लागला, श्रावणी पुन्हा वरच्या पायरीवर. एक नवा नियम मात्र झाला होता. पेपर झाल्यावर बाई प्रत्येकाचा कोरा प्रश्न उघडून विचारायच्या, हा का सोडलास, आणि पटण्यासारखं उत्तर मिळेपर्यंत त्याला पायरीवर जाऊ द्यायच्या नाहीत. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जायचे, त्यामुळे न येणारा प्रश्न सोडणं शहाणपणाचंच. पण बाईंना प्रत्येक कोऱ्या जागेचा संशय यायला लागला होता.

पुढच्या वर्षी श्रावणीचं नाव यादीत बरंच वर आलं, हे मला पुण्यात फोनवर कळलं. तोवर आमची बदली झाली होती. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, श्रावणीच्या परीक्षेच्या दिवशी. आमचं सामान बांधून झालं होतं, आणि बाई म्हणाल्या म्हणून मी त्यांच्याबरोबर परीक्षा केंद्रावर गेले. फाटकाबाहेर आईबाप उभे होते, कुणी छत्री धरून, कुणी पुटपुटत जप करत. त्यांच्यात काळा कोट घातलेल्या बाई. कॉलेज बुडवून आल्या होत्या. समोर मोठा गुलमोहर फुललेला, रस्त्यावर ही रहदारी, बघण्यासारखं खूप होतं. मी दोनदा त्यांच्याशी बोलायला गेले, त्यांनी ऐकलं नाही. पण या वेळी त्या कुठे गेलेल्या नव्हत्या. त्यांची नजर फाटकावर होती, आणि सगळा वेळ ती तिथून हलली नाही.

पोरं बाहेर यायला लागली. श्रावणी आली, केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं. आईबापांच्या घोळक्यातून बाईंनी तिला गाठलं.

"कितने छोड़ी?"

"पाँच, मॅडम."

बाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले. "आते थे?"

"नै आते थे, मॅडम," श्रावणी रडवेली होऊन म्हणाली. "अम्मा कसम, एक भी नै आता था."

"सच्ची?"

"सच्ची, मॅडम. कित्ता सोची, आयाच नै."

बाईंनी भर रस्त्यात तिला मिठी मारली. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि आजूबाजूचे आईबाप पाच प्रश्न न आलेल्या पोरीचं हे कौतुक बघत अवाक् होऊन उभे होते. मग त्यांनी श्रावणीचा हात धरला. "कौनसे कौनसे नै आये, बोल," असं विचारत, मी बरोबर आहे हे पार विसरून, त्या तिला घेऊन बस स्टॉपकडे चालायला लागल्या.